थोरली फळी

खारी, भाईंदर पूर्व
१२ फेब्रुवारी २००६

चि. नाथास अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा तुझं वागणं बघून.

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या सिल्व्हर पार्कच्या जिन्यावर पाय ठेवणार नाही असं मी गेल्या गणपतीत सगळ्या भावकीसमोर बोलून बसले आहे. रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची पाळी आली ती अशी. सुलू तुमच्या बिल्डिंगमध्ये मासळी विकायला येते, तिच्या पाटीतून हे पाठवते. कागदाला वास येईल. त्याच वासात तू मोठा झालास, तेव्हा तक्रार नको.

तुझी स्वाती परवा येऊन गेली. खुर्चीच्या टोकावर बसली, चहा घेतला आणि तुझा निरोप पाठ केल्यासारखा बोलून मोकळी झाली. बिल्डर यतीनशेठला आता धीर नाही, ताईंनी सही करावी, आबांची खार, ते खाडीकाठचं भातशेत, देऊन टाकावी, बदल्यात नव्या बिल्डिंगमध्ये रस्त्याकडचा गाळा मिळेल, त्यात तू दुकान काढशील. मी सही करणार नाही. आबांनी जमीन दोघांच्या नावावर केली ती बहुतेक याच दिवसासाठी.

तू हल्ली शेत नकाशावर बघतोस, म्हणून तुला जरा चिखलातून दाखवते. एका अंगाला मोठी खाडी, मध्ये आपला मातीचा बांध, बांधात आबांची उघाडी. ओहोटीला उघाडीच्या फळ्या उचलायच्या आणि शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरतीला फळ्या बसवायच्या आणि खारं पाणी बाहेर ठेवायचं. आबांनी जन्मभर हे केलं, त्यांच्यानंतर मी करते आहे. शेताच्या दुसऱ्या अंगाला खाडीचा लहान फाटा आणि त्याच्या काठाची तिवरं, सरकारी कागदातली खारफुटी. कोलंबी, बोय, चिंबोरी, सगळ्यांचं बाळंतपण त्या तिवरांच्या मुळांत होतं.

तुझ्या यतीनशेठने त्या फाट्याचं तोंड बुजवलं आहे. फुटक्या लाद्या, विटा, मोडकी बेसिनं, दिवसाढवळ्या डंपरने आणून टाकतात. तिवरं तोडायला कोर्टाची बंदी आली, म्हणून हे शहाणे तोडत नाहीत. फक्त पाणी अडवतात. तिवरं उभ्या उभ्या सुकली की साहेबाला आणून दाखवायचं, बघा, इथे कुठे खाडी आहे.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीच, समुद्राला भेटण्याआधीची. वर कोण कोण तिच्यात काय सोडतं ते सगळं आपल्या दारात येतं. त्यात आपल्या इथले स्टील पॉलिशवाले गटारातून लालपिवळं पाणी सोडतात. दोन वर्षं झाली, सुलूच्या पाटीत जिताडा दिसलेला नाही. ही एवढी तिवरं त्या घाणीत उभी राहून पाणी गाळतात. ती गेली की उरेल ते गटार, आणि गटाराकाठी तुझा गाळा.

सही नाही.

तुझी ताई,
दुर्गा


खारी
२१ एप्रिल २००६

नाथा,

उत्तर आलं नाही. सुलू म्हणाली, "तुजा भाव पत्र घेतो, खिशात घालतो, काय बोलत न्हाय. खोकतो तेवडा." खोकल्याचं मला माहीत आहे. हाटकेशच्या त्या स्टील पॉलिशच्या कारखान्यात ॲसिडच्या टाकीवर उभा राहतोस, त्याचा खोकला आहे तो. दुकान तुला कशासाठी हवंय ते न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. पण तुझ्या छातीतला धूर काढायला खाडीचा गळा दाबायचा, हे मला मान्य नाही. दोन्ही एकाच ॲसिडने मरताहेत, हे तुला दिसत कसं नाही.

बातमी अशी की गेल्या रविवारी आम्ही भराव काढला. तुझ्या वरच्या मजल्यावर संचिता राहते ना, बँकेत जाणारी, दादरहून आलेली, तीही होती. बोयटाला रॉकेलचा वास येतो म्हणून ती सुलूशी भांडायला गेली होती. सुलू तिला म्हणाली, "वास माशाला न्हाय बाय, पान्याला हाय. बगाला ये." ती खरोखरच आली, भराव बघून गेली, आणि पुढच्या रविवारी बिल्डिंगमधल्या आणखी बायका घेऊन आली. पंजाबी ड्रेस वर खोचून घमेली उचलत होत्या. एकीने चिखलात चप्पल गमावली आणि दिवसभर हसत राहिली. दुपारपर्यंत फाट्याचं तोंड हातभर मोकळं झालं. पाणी आत आलं तेव्हा सुकलेल्या चिखलातून बुडबुडे निघाले आणि कुठून कोण जाणे, निवट्या मासळ्या उड्या मारायला लागल्या.

सोमवारी डंपर परत आला. संचिता त्याच्यासमोर उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मैं नहीं डालूंगा तो दूसरा डालेगा."

मी म्हटलं, "तो दूसरे को भेजो. तुम घर जाके चाय पियो."

त्याने इंजिन बंद केलं आणि बिडी ओढत बसला. आम्हीही बसलो. पण आम्ही बायका, संध्याकाळी स्वयंपाकाला घरी जाणार हे त्यांना ठाऊक. आम्ही गेल्यावर भराव पडला, पहिल्यापेक्षा उंच.

तक्रार दिली आहे. एक साहेब येऊन गेले. बूट खराब होतील म्हणून रस्त्यावरूनच बघितलं आणि विचारलं, "इथे खाडी कुठे आहे?" मी दहा वर्षं बालवाडी चालवली, असले प्रश्न विचारणाऱ्यांना मी पहिल्या ओळीत बसवत असे. साहेबांना बसवता आलं नाही.

खोकल्यावर अडुळसा पाठवते आहे. तो घेणं म्हणजे माझ्याशी तह केला असं होत नाही.

ताई


नारळी पौर्णिमा
९ ऑगस्ट २००६

नाथा,

राखी पाठवली आहे. बांध किंवा टाक, ती सुलूच्या पाटीत कोलंबीखाली होती, धुऊन घे.

आज गावाने फाट्याच्या तोंडावर नारळ सोडला. जागा तीच, आपल्या आजोबांपासूनची. पण पाणी नाही. दाजींनी हात जोडले, नारळ टाकला, आणि तो भरावावर टण्णदिशी आपटून एका फुटक्या कमोडच्या भांड्यात जाऊन बसला. पोरं हसली. दाजी हसले नाहीत. म्हणाले, "खाडीनं घेतला न्हाय." गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि भराव चढून तो नारळ काढायला निघाला होता. त्यांना धरून खाली बसवावं लागलं. मी संतापाने तडक घरी आले.

संध्याकाळी उघाडीवर गेले. पौर्णिमेचं उधाण, पाणी फळ्यांवर धडका देत होतं. मोठ्या खाडीचं पाणी इकडून दारावर येतं आहे आणि शेताच्या पलीकडे तिवरं तहानेने मरताहेत. मध्ये आपलं भात, हिरवंगार, कमरेएवढं.

आबा फळ्या बसवताना आपल्याकडून क्रम म्हणून घ्यायचे, आठवतं? थोरली खाली, आंधळी वर, मग लंगडी, मग करवत, धाकटी डोक्यावर. थोरलीच्या पोटाला खाच आहे, ती तळच्या दगडावर बसली तरच बाकीच्या धरतात. आंधळीला गाठ नाही म्हणून आंधळी. तू चिखलाला घाबरायचास, पाय वर घेऊन बांधावर बसायचास, पण क्रम माझ्याआधी म्हणायचास. लंगडीचं नाव तर तूच ठेवलंस.

यतीनशेठ नाक्यावर सांगत होता म्हणे, "बाई कितीही नाचू दे, उघाडी सांभाळतेय तोवर आपली जमीन कोरडीच आहे. तिच्या भावाने मला सांगितलंय, हरिश्चंद्र पाटलांची मुलगी शेतात खारं पाणी येऊ देणार नाही, मरेल पण येऊ देणार नाही."

तू असं म्हणालास?

ताई


खारी
२६ नोव्हेंबर २००६

नाथा,

पिशवीत तांबडा राता तांदूळ आहे. यंदाचा, आपल्या खारीतला. कुकरच्या शिट्ट्या मारून त्याचा लगदा करू नका. पातेल्यात शिजव म्हणावं स्वातीला, पेज वेगळी काढायची, ती तू प्यायचीस. खोकल्याला बरी.

पिंकीला मुठीत घेऊन वास घ्यायला सांग. तुझी मुलगी बिल्डिंगमध्ये वाढली, तिला आजोबांच्या शेताचा वास माहीत असू दे.

यंदा मी बियाणं ठेवलेलं नाही. कणगी रिकामी करून धुऊन उन्हात टाकली आहे. का, ते विचारू नकोस. विचारणार नाहीसच म्हणा, तू कुठे काय विचारतोस.

बाजूच्या लोकांनी आपल्या खारी कधीच विकल्या, त्यांच्यावर आता लोखंडी पत्रे आणि भराव आहे. बांधाच्या आत भात पिकवणारी मी एकटीच उरले. म्हणजे इथे काही झालं तर दुसऱ्या कोणाचं काही बुडणार नाही. सहज लिहिलं.

तांदूळ जपून खा.

ताई


खारी
७ डिसेंबर २००६

नाथा,

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी उघाडीच्या फळ्या निघाल्या. जुनं लाकूड. दुपारच्या उधाणाला पाणी आत शिरलं आणि सगळ्या शेतात पसरलं. आतल्या बांधालाही खांड पडली, त्यातून पाणी फाट्यात उतरलं. मी म्हातारी बाई, एकटी काय करणार.

तुझाही अर्धा वाटा आहे म्हणून कळवलं.

ताई


खारी
१० डिसेंबर २००६

नाथा,

काल यतीनशेठ दारात येऊन ओरडून गेला. तुलाही तो तसाच बोलला असणार, म्हणून आता मागच्या पत्रातलं खोटं पुरे झालं. मला ते जमलंही नाही. सुलूने वाचून घेतलं आणि म्हणाली, "एकटी म्हातारी? तू?"

फळ्या मी काढल्या. ओहोटीला, सावकाश, एकेक करून. धाकटी, करवत, लंगडी, आंधळी, शेवटी थोरली. थोरली आली नाही लवकर, तिच्याभोवती शेवाळ धरलं होतं, मी तिला बोलून बोलून काढली. मग आतल्या बांधाला कुदळीने खांड पाडली आणि बांधावर बसून पाण्याची वाट बघितली.

आधी उघाडीतून जिभेएवढं पाणी आलं. मग रुंद झालं. भाताच्या खुंटांमधून वाट काढत, कचरा पुढे ढकलत शेतभर गेलं. जन्मभर जे पाणी बाहेर ठेवलं ते आपल्या हाताने आत घेतलं, नाथा, आणि मी रडले. आबांची आठवण येऊन रडले, दुसऱ्या कशाने नाही. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन कित्येक वर्षं भात विसरते, हे त्यांनीच शिकवलं. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नसते. मग बोलले असते.

पण पाणी खांडीतून पलीकडे पडलं आणि तिवरांपर्यंत पोचलं. त्यांनी पुढून तोंड बुजवलं होतं, मी मागचं दार उघडलं. शेत सोडून दुसरी वाटच उरली नव्हती. आता रोज दोन भरत्यांना पाणी येतं आणि जातं. त्या सुकलेल्या झाडांपैकी सगळी मेलेली नाहीत.

यतीनशेठ म्हणाला, "बाई, तुम्ही वेड्या आहात का? स्वतःचं शेत बुडवलंत."

मी म्हटलं, "माझं शेत, माझं पाणी. तुम्ही कोण?"

म्हणाला, "भाऊ पण मालक आहे. त्याला घेऊन येतो. तो बंद करेल."

मला एकच धास्ती आहे, ती तुलाच सांगते. फळ्या मी जाळायला हव्या होत्या. पण आबांनी घासून गुळगुळीत केलेलं लाकूड चुलीत घालायला माझा हात उठला नाही. बांधावर रचून ठेवल्या आहेत, उघड्यावर. डंपर तिथे येऊ शकत नाही, कारण वाट आपल्याच शेतातून होती आणि शेतात आता गुडघाभर चिखल आहे. उघाडी बंद करायची तर त्याच फळ्या हाताने बसवायला हव्यात, आणि क्रम माहीत असलेली माणसं जगात दोनच.

ये बरोबर त्याच्या. मी बांधावर असेन.

ताई


खारी
२३ डिसेंबर २००६

नाथा,

तू आलास. बूट घालून आलास, घसरलास, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

मी पलीकडच्या अंगाला उभी होते, संचिता आणि सुलू माझ्या शेजारी. यतीनशेठची माणसं ओहोटी बघून उघाडीत उतरली. मी ओरडून काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. संचिता माझा हात घट्ट धरून होती.

मग त्यातला एक वर बघून म्हणाला, "सेठ, इसमें पहले कौन सी जाएगी?"

यतीनशेठ तुझ्याकडे वळला. "नाथाभाऊ, तुमच्या बापाची उघाडी आहे. सांगा, खाली कुठली फळी?"

तू रुमाल काढलास. खोकलास. थोरली तुझ्या पायाशीच पडली होती, पोट वर करून, खाच आकाशाकडे. पिंकीनेही सांगितली असती.

तू म्हणालास, "मला काय माहीत. हे काम ताईचं."

सुलूने माझ्याकडे बघितलं, मी सुलूकडे. त्या माणसांनी हाताला लागली ती करवत तळाला घातली, तिच्यावर थोरली, मग बाकीच्या ठोकून बसवल्या, सिमेंटच्या गोणींनी दाबल्या. अष्टमीच्या भांगाचं संथ पाणी होतं, उधाण नव्हतं, फळ्या राहिल्या. यतीनशेठ खूश होऊन गेला. तू त्याच्यामागून गेलास. जाताना थोरलीकडे एकदा वळून बघितलंस, ते मी बघितलं.

मग अमावास्येचं उधाण आलं. करवत तळच्या दगडावर बसत नाही, तिच्याखालून पाण्याने बोट घातलं, आणि सगळ्याच्या सगळ्या वर उचलल्या गेल्या. गोणी, फळ्या, सगळं. दाजींच्या नातवाने होडीतून बघितलं, थोरली मोठ्या खाडीत वाहत समुद्राकडे चालली होती. मी तिला नमस्कार केला. आबांच्या फळ्या खाडीने नेल्या, यात काही वाईट नाही.

यतीनशेठने तुझं गाळ्याचं बोलणं मोडलं, हे स्वातीकडून कळलं. ती सुलूकडे रडली. मला तुझ्या टाकीवरच्या नोकरीचं दुःख आहे, नाथा, खरंच आहे. एवढा तोंडपाठ असलेला क्रम तू विसरलास, त्याची किंमत काय होती ते मला माहीत आहे. तू मला कधी सांगणार नाहीस आणि मीही तुला कधी विचारणार नाही.

अर्धा आशीर्वाद राहिला होता, तो घे.

ताई


नारळी पौर्णिमा
२८ ऑगस्ट २००७

चि. नाथास पूर्ण आशीर्वाद.

राखी पाटीत आहे. सुलू सांगते की मागच्या वर्षीची तू धागा तुटेपर्यंत हातातून काढली नाहीस. ती कारखान्यात ॲसिडने विटून पांढरी झाली होती म्हणे. यंदा जाड रेशमाची पाठवली आहे.

आज नारळ आपल्या उघाडीवरून सोडला. फाट्याच्या तोंडावर भराव अजून आहे, केस चालू आहे, संचिता तारखांना जाते. पण दाजी म्हणाले, पान्याची वाट जिथं हाय, नारळ तिथं. त्यांचा हात धरून बांधावर नेलं. ओहोटीला नारळ पाण्यात पडला, दोनदा गरगरला आणि गेला. दाजींना दिसलं नाही, त्यांनी विचारलं, "घेतला?" आम्ही म्हटलं, घेतला.

आता शेताचं ऐक. पावसात तिवरांच्या बिया पडल्या आणि भरतीबरोबर आपल्या शेतात येऊन बसल्या. भाताच्या जुन्या खुंटांमध्ये बोटाएवढे कोंब उभे आहेत, दोन दोन पानांचे. आधी मला वाटलं गवत. वाकून बघितलं तर तिवरंच. आबांनी जिथे लावणी केली तिथे खाडीने आपली लावणी केली आहे. यतीनशेठने बघितलं आणि गाडीत बसला. तिवरांवर वीट ठेवता येत नाही, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

जिताडा आलेला नाही. लालपिवळं पाणी अजून येतं. त्या पॉलिशवाल्यांच्या गटाराच्या तोंडाशी आम्ही बायका पुढच्या रविवारी जाणार आहोत, बाटल्या भरून त्यांच्याच ऑफिसात नेऊन ठेवणार आहोत, साहेबांनी एक घोट घ्यावा म्हणून. त्या टाक्यांतून काय काय निघतं, कुठल्या वेळी सोडतात, हे आतल्या माणसाने सांगितलं तर आम्हाला सोपं जाईल. अशा माणसाची नोकरी जाईल कदाचित. त्याला भाकरी इथे मिळेल, आणि हवाही बरी आहे.

सुलूच्या पाटीत चिंबोऱ्या आहेत, नांग्या बांधून दिल्या आहेत. आपल्या शेतातल्या आहेत. हो, शेतातल्या.

जमीन अजून दोघांच्या नावावर आहे. अर्धा चिखल तुझा, अर्धे कोंब तुझे. एकदा येऊन आपला वाटा बघून जा. कुठे पाय ठेवायचा ते मी दाखवेन, नाहीतर कोवळं काही चेंगरशील.

येताना बूट घरी ठेव.

तुझी ताई,
दुर्गा